पटकथेतला शेवटचा प्रसंग कोणी बदलू नये म्हणून

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, धंद्याने आधी पाट्या रंगवणारा आणि नंतर पटकथा लिहिणारा, वय तिशीच्या आत, लग्न न झालेला, शिक्षण आठवीपर्यंत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. माझ्या डोक्यात गाठ आहे. हे पहिल्याच परिच्छेदात सांगतो, कारण पुढे कोणीतरी नक्की म्हणेल की याचे डोके ठिकाणावर नव्हते. गाठ डोक्यात आहे आणि डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि तो या कागदांना मागून टाचला आहे. दाखला मागितला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, मृत्युपत्र करा असं मी कुठे म्हटलं? बहुतेक लोक या ऑपरेशनमधून नीट उठतात." मी म्हटले, "मग बहुतेकांना नका करू म्हणावं." ते हसले आणि त्यांनी लिहून दिले. दाखल्यात एक वेलांटी चुकली होती, ती त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेतली आहे. तेथे त्यांची आद्याक्षरे आहेत.

गाठ बोलण्याच्या जागेला चिकटून आहे. म्हणजे मी मरेन, किंवा जगेन पण बोलता येणार नाही, किंवा सगळे ठीक होईल. तिसऱ्या गोष्टीसाठी कागद लागत नाही. पहिल्या दोन्हींसाठी हा लिहीत आहे. कोर्टाबाहेर बसणारे अर्ज लिहिणारे काका म्हणाले की मृत्युपत्रात फक्त मेल्यानंतरचे लिहायचे असते, जगलो तर काय ते लिहायचे नसते. तरी मी लिहिणार आहे. पुढे वाचल्यावर कारण कळेल.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी धाकटी बहीण करील. तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात सुपरवायझर आहे. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "तू आधी मर तर खरा, मग बघू." ही तिची संमती समजावी.

कलम दुसरे. राहत्या दोन खोल्या आईच्या नावावर आहेत, त्यात माझे काही नाही. बँकेत जे काही निघेल ते आईला द्यावे. गॅसचे बटण रात्री मी तीनदा तपासतो. माझ्यानंतर धाकटीने निदान एकदा तपासावे. मधल्या खोलीची खिडकी लावताना खालची कडी वर उचलून मग ओढावी लागते, नाहीतर ती लागल्यासारखी दिसते पण लागत नाही.

कलम तिसरे. माझी कामाची हत्यारे, म्हणजे केसाळ ब्रश, हात टेकवायची काठी, खडू लावलेली आखणीची दोरी आणि इनॅमलचे डबे. यांतली काठी माझ्या मोठ्या भावाची आहे. आम्ही दोघे एकाच कारागिराकडे पाट्या रंगवायला शिकलो. पाटी रंगवणाऱ्याला शुद्धलेखन यावेच लागते, कारण चुकलेले अक्षर खरवडायला रंगवण्यापेक्षा जास्त वेळ जातो आणि तो आपलाच जातो. शाळेत जे मला जमले नाही ते या भीतीने जमले. मोठ्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता, पण त्याला घाई फार. एका दुकानाचा उंच बोर्ड रंगवताना तो परांचीवरून पडला आणि गेला. बोर्ड अर्धा राहिला होता. तो पुढे मी पूर्ण केला, कारण दुकानदार घरी येऊन बसला होता. काठी धाकटीने ठेवावी. बाकीची हत्यारे ज्याला हवी त्याला द्यावी, ब्रश मात्र घासलेटमध्ये धुऊन द्यावेत.

कलम चौथे. हे कलम आईविषयी आहे, आणि तिला हे कोणी वाचून दाखवू नये. मी पुढे जे काही ठरवले आहे ते या कलमामुळे ठरवले आहे.

मोठा गेल्यावर आई बोलायची थांबली. जेवण पुढे ठेवले की ती ताटाकडे पाहत बसायची आणि आम्ही तिच्याकडे. तेव्हा शेजारच्या मावशींनी तिला हाताला धरून मास्तरांच्या सभागृहात नेले.

मास्तर म्हणजे पूर्वी शाळेत गणित शिकवणारे आणि निवृत्त झाल्यावर ज्यांच्यासमोर लोक येऊन बसू लागले ते गृहस्थ. शाळेत पोरे मास्तर म्हणायची तेच नाव राहिले. ते फारसे बोलत नसत. लांब खोली, पंखे, चटया, समोर एक खुर्ची आणि खुर्चीत मास्तर. लोक यायचे, बसायचे, त्यांना बरे वाटायचे, जायचे. आई रोज जाऊन बसू लागली. मग एका सकाळी तिने चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी आहे." धाकटी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी साखर आणायला खाली पळालो, आणि दुकानात जाऊन काय आणायचे तेच विसरलो.

तेव्हापासून आई जेवते, झोपते, भांडते आणि रोज सभागृहात जाते. माझी आई मला मास्तरांमुळे परत मिळाली. हे खरे आहे आणि पुढचेही खरे आहे. दोन्ही एकत्र कसे खरे असते हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

कलम पाचवे. आता पटकथेविषयी. हेच खरे कलम आहे. बाकीची असली नसली तरी कोणाचे फारसे अडणार नाही.

सभागृहात मास्तर जे बोलत त्यातले एखादे वाक्य फळ्यावर लिहायची पद्धत होती. फारच आवडलेले वाक्य असले तर त्याची कायमची पाटी करून भिंतीवर लावत. सभागृह चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस ते ठरवत. हे आधी विमा कंपनीत होते आणि हळवे गृहस्थ आहेत. आईने माझे नाव सुचवल्यावर पाट्यांचे काम माझ्याकडे आले.

एके दिवशी मास्तर खुर्चीत बसले आणि नेहमीप्रमाणे गप्प न राहता म्हणाले, "मला काही सापडलेलं नाही. कधीच सापडलं नव्हतं. तुम्ही उगाच येता. घरी जा."

कोणी हलले नाही. मग एक बाई रडू लागल्या, मग बरेच जण. चिटणीस डोळे पुसत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मोठी पाटी कर. निळ्यावर पांढरं. अक्षरांना सावली दे."

मी सभागृहाच्या मागच्या ओट्यावर ती पाटी रंगवत होतो. मास्तर येऊन शेजारी उभे राहिले. 

"सावली चांगली दिलीस," ते म्हणाले.

"हो, मास्तर."

"तुला तरी कळलं का मी काय म्हणालो ते?"

"घरी जा म्हणालात."

"मग तू का नाही गेलास?"

मी म्हटले, "रंग ओला आहे अजून."

ते इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावे लागले. त्यांना हसताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी विचारले की मी आणखी काय करतो. मी सांगितले की दोन लहान चित्रपटांच्या श्रेयनामांची अक्षरे काढली, तिथेच एका लेखकाच्या पटकथेची स्वच्छ प्रत करून देता देता लिहायला शिकलो आणि आता माझी एक पटकथा पडद्यावर आली आहे, चालली नाही. ते म्हणाले, "चालली नाही ते बरं. मला एक पिक्चर करायचा आहे."

त्यांनी सांगितले ते जसे आठवते तसे लिहितो, कारण याला दुसरा साक्षीदार नाही.

त्यांची बायको गेली तेव्हा ते निवृत्त झाले होते. घरी जाववेना म्हणून सुटीत बंद असलेल्या शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर ते दिवसभर बसायचे. तोंडातून शब्द फुटत नव्हता. एकदा जुन्या विद्यार्थ्याचे वडील येऊन शेजारी बसले, तास दोन तास बसले आणि जाताना म्हणाले, "तुमच्याजवळ बसून फार शांत वाटलं." दुसऱ्या दिवशी ते आणखी एकाला घेऊन आले. असे वाढत गेले.

"मी शांत नव्हतो रे," मास्तर मला म्हणाले. "मी बंद पडलो होतो. पुढे बोलता यायला लागलं, तोवर लोकांनी खोली भाड्याने घेतली होती. आता बोलतो तर त्याची पाटी होते. खोटं बोललो तर पाटी, खरं बोललो तर जरा मोठी पाटी. माझ्या तोंडून काही आलं की ते वाया जातं. म्हणून ते नटाच्या तोंडी घाल. नट म्हटला की निदान खोटं बोलतोय का अशी शंका तरी येते माणसाला."

त्यांना एवढेच हवे होते. त्यांचे एक म्हणणे, जसेच्या तसे, एका तरी माणसाला ऐकू जावे. पटकथेचे नाव त्यांनीच ठेवले, "घरी जा".

आम्ही दुपारी त्यांच्या खोलीत काम करायचो. सभागृहाला वाटे की मास्तर विश्रांती घेत आहेत. ते खुर्च्या मांडून प्रसंग करून दाखवायचे आणि मी लिहायचो. गणिताचे शिक्षक असल्याने त्यांना मधली पायरी गाळलेली चालत नसे. माणूस दारातून बाकापर्यंत गेला असे लिहिले तर विचारत, "कसा गेला? दार कोणी लावलं?" संवाद वाचून म्हणायचे, "या माणसाला तोंड उघडता येत नव्हतं, तू तर त्याला वकील करून ठेवलास. काप." मी कापायचो. कापले की ते वाक्य आणखी सुंदर व्हायचे, हीच अडचण होती.

लिहून झालेला प्रत्येक खर्डा आम्ही चिटणिसांना वाचायला देत होतो. मास्तर म्हणायचे, "ते रडले नाहीत की समजायचं जमलं." ते प्रत्येक वेळी रडले. मग आम्ही पटकथेतल्या मास्तराला चिडका केला. चिटणीस म्हणाले, "आपल्याला जागं करायला रागावतात." मग त्याला लबाड केला, भाजीवालीचे पैसे बुडवणारा. चिटणीस म्हणाले, "आपली परीक्षा घेतात." शेवटी मी वैतागून त्याला मूर्ख केला, साधी बेरीज चुकणारा. ते वाचून चिटणीस उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मास्तर मला नंतर म्हणाले, "सोड. शेवट तेवढा असा लिही की कोणाला बसायला जागा राहणार नाही."

शेवट असा आहे. मास्तर सभागृहात म्हणतो, "मला काही सापडलेलं नाही, घरी जा." लोक एकमेकांकडे पाहतात. एक जण उठतो. मग दुसरा. चपला घालायला दारात गर्दी होते, कोणीतरी कोणाच्या तरी चपला घालतो, त्यावरून हुज्जत होते. लोक वैतागलेले आहेत, दिवस फुकट गेला म्हणून. सगळे जातात. मास्तर एकेक पंखा बंद करतो आणि तोही घरी जातो. बस. संगीत नाही.

हा प्रसंग मास्तरांनी मला पुन्हापुन्हा वाचायला लावला. हुज्जतीच्या जागी ते प्रत्येक वेळी हसायचे आणि पंख्यांच्या जागी वर पंख्याकडे पाहायचे.

चित्रपटाचा खर्च मंडळातले एक सदस्य करणार होते. त्यांचा फरश्यांचा धंदा आहे, त्यांना सगळे फरशीवाले म्हणतात. त्यांनी शेवट वाचला आणि म्हणाले, "मास्तर, लोक उठून गेले तर तिकीट काढून आलेला माणूसही उठून जाईल ना."

मास्तर म्हणाले, "तेच तर हवंय."

फरशीवाल्यांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "लोकांना बसलेलं ठेव. मास्तरांच्या चेहऱ्यावर उजेड पाड, हळूहळू वाढत जाणारा. त्यांना सांगू नकोस." मी नाही म्हटले. करार घेऊन ते अनेकदा आले. मी सही केली नाही. म्हणून पटकथेचे सर्व हक्क आजही माझे एकट्याचे आहेत आणि ते देण्याचा अधिकार मला आहे. असे त्या अर्ज लिहिणाऱ्या काकांनी कायद्याचे पुस्तक उघडून सांगितले आहे.

आम्ही हे घोळवत असतानाच मास्तर गेले. न्यूमोनिया झाला होता. शेवटचे शब्द ते नर्सला बोलले, "पंखा कमी कर, गार वाजतंय." मंडळाने त्यातला "पंखा कमी कर" एवढा भाग घेतला आणि मला पाटी करायला सांगितली. मी हात दुखतो म्हणालो. मग त्यांनी फ्लेक्स छापून घेतला. त्यात "पंखा"तला अनुस्वार नाही. तो अजून तसाच आहे, रोज माणसे त्याखाली बसतात आणि कोणाला काही खटकत नाही.

आता मंडळ मास्तरांच्या स्मरणार्थ चित्रपट करणार आहे, उजेडाचा शेवट घालून. चिटणीस दर आठवड्याला घरी येतात. आईसमोर बसून मला म्हणतात, "अरे, त्यांची शेवटची इच्छा होती ती." आई माझ्याकडे पाहते.  इच्छा होती हे खरेच आहे.

कलम सहावे. पटकथेची अखेरची प्रत, जिच्यावर मास्तरांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि तिचे सर्व हक्क मी धाकटीला देतो. तिने ती आई जिवंत असेपर्यंत कोणालाही देऊ नये. त्यानंतर अशा दिग्दर्शकाला द्यावी जो शेवटचा प्रसंग एका शब्दाचाही बदल न करता करील. असा कोणी मिळाला नाही तर तशीच ठेवावी.

या कलमावर धाकटीचे आणि माझे भांडण झाले. ती सुरुवातीपासून सभागृहात कधीच गेलेली नाही. मास्तरांचे म्हणणे मी तिला सांगितले तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. "बरं मग?" ती म्हणाली. "मला हे आधीच वाटत होतं." म्हणजे तिला कळले, पण ते आधीपासूनच होते, त्यामुळे मास्तरांचे म्हणणे पोचले असे धरता येत नाही. मी म्हटले, आईला कधीतरी सांगायला हवे. त्यावर ती वळली.

"आई जेवते आहे ना? झोपते आहे ना? मग तुझं ते खरं काय तिच्या ताटात वाढायचंय?"

"पण मास्तरांनी..."

"मास्तर गेले. आई आहे. तुला एवढंच वाटतंय तर तू का नाही सुखी झालास ते खरं ऐकून? बघ जरा आरशात. सुतकी चेहरा करून हिंडतोस नुसता."

ती म्हणते ते बरोबर आहे. मी सुखी झालो नाही. मोठा गेल्यावर मला वाटायचे की निदान एका माणसाला तरी काहीतरी सापडले आहे, आपल्याला नसले तरी. तेवढ्यावर मी चालत होतो. मास्तरांनी ते काढून घेतले आणि त्या जागी काही ठेवले नाही. त्यांच्याकडे नव्हतेच. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. पण रात्री गॅसचे बटण तपासताना सगळे बंद आहे हे पाहूनही खात्री होत नाही.

कलम सातवे. मंडळाला मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेले नाही. फरशीवाल्यांना त्यांचे कोरे करार परत करावेत, कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. चिटणिसांना माझी पांढऱ्या इनॅमलची उघडलेली डबी आणि सर्वात बारीक ब्रश द्यावा. फ्लेक्सवर अनुस्वार द्यायला तेवढे पुरेल.

कलम आठवे. हे जगलो तर. अर्ज लिहिणाऱ्या काकांची हरकत नोंदवून लिहितो.

मी जगलो आणि मला बोलता आले नाही, तर माझ्याजवळ येऊन कोणीही शांत बसू नये. मला खुर्चीत टेकवून दाराकडे तोंड करून ठेवू नये. कोणी येऊन "याच्याजवळ बरं वाटतं" म्हणाला तर त्याला त्याच पावली घालवावे. मी शांत नसेन. मी आत धावपळ करत असेन, नेहमीसारखी. बोलायला शिकवणारे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे मला न्यावे. रेडिओ लावून ठेवावा. माझ्याशी भांडावे. धाकटी म्हणाली आहे, "तू गप्प बसलास तर मी चिमटे काढीन." तिने काढावेत, ही माझी लेखी परवानगी.

आणि मी बोलायला लागलो, पण मास्तर काय म्हणाले ते माझ्या लक्षात राहिले नाही आणि मीच मंडळाला हवा तसा शेवट लिहून द्यायला निघालो, तर तो मी नव्हे असे समजावे आणि हा कागद दाखवावा.

येथे मृत्युपत्र संपते, असे मी लिहिले होते. पण साक्षीदार आल्यावर जे झाले त्यामुळे पुढची पुरवणी जोडावी लागत आहे.

पुरवणी. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम मंडळाबाहेरची माणसे निवडली. पहिले आमच्या इमारतीखालच्या दवाखान्यातले कंपाउंडर. वयस्कर आहेत, दिवसभर गोळ्या मोजतात आणि त्यांचा कशावरही विश्वास नाही. "डॉक्टर काय, हवामान खातं काय, सगळे अंदाजच सांगतात," असे ते पेशंटसमोर म्हणतात. सभागृह आमच्या मागच्याच गल्लीत आहे, पण त्यांनी तिकडे कधी ढुंकून पाहिलेले नाही. दुसरे झेरॉक्सच्या दुकानाचे मालक, ज्यांच्याकडे पटकथेच्या प्रती काढल्या. त्यांनी पेन काढले आणि म्हणाले, "कुठे करू सही? मला वाचायला लावू नका, दुकानात पोरगा एकटा आहे."

साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. सही माझीच आहे एवढेच त्याने पाहायचे असते. हे मला माहीत होते. तरी मी कंपाउंडरांना म्हटले, "तुम्ही वाचा. न वाचता सही केली असं पुढे कोणी म्हणायला नको." खरे सांगायचे तर मला कोणीतरी वाचायला हवे होते. ज्याला मास्तर कोण ते माहीत नाही, ज्याला काही नको आहे, अशा एका माणसाने.

त्यांनी चष्मा लावला आणि सगळे वाचले. पाटी ओली होती तिथे हसले. मास्तर बाकावर बसले होते तिथे थांबून पुन्हा वाचले. मग कागद गुडघ्यावर ठेवून चष्मा काढला. झेरॉक्सवाल्यांनी दोनदा घड्याळ पाहिले.

"या सभागृहात नवीन माणसाला येऊ देतात का हो?" कंपाउंडर म्हणाले.

मला वाटले ते चेष्टा करत आहेत. मी म्हटले, "मास्तर आता नाहीत."

"ते वाचलं की. तरी."

"काका, तिथे काही नाही असं लिहिलंय त्यात. ते स्वतः म्हणाले."

"म्हणून तर विचारतोय," ते म्हणाले. "बाकी सगळीकडे काहीतरी आहे म्हणून सांगतात. एवढं खरं बोलणारा माणूस जिथे बसायचा, तिथे एकदा जाऊन बसावंसं वाटलं, इतकंच."

 पटकथा इतक्या वेळा लिहून मला जे उत्तर सुचले नाही ते तिथे बसून काय सुचणार होते? ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांचे डोळे ओले नव्हते, हात जोडलेले नव्हते, काही नव्हते. अगदी साधेपणाने विचारत होते, दुकान किती वाजता उघडते तसे. आणि मला दिसले की मीही असाच विचारत आत गेलो होतो. ओट्यावर मास्तर मला घरी जा म्हणाले आणि मी त्यांच्या खोलीत जाऊन बसलो, रोज दुपारी, ते जाईपर्यंत. त्यांच्याजवळ बसून मला बरे वाटायचे. त्याला मी पटकथा म्हणत होतो.

म्हणून वरील कलम सहावे मी रद्द करत आहे. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी सही केली आहे. त्याऐवजी असे वाचावे :

पटकथा कोणीही, कोणत्याही शेवटासह, करू नये. आईच्या पश्चातही नको. धाकटीने अखेरची प्रत, तिच्या झेरॉक्स प्रती आणि घरातले सगळे खर्डे नष्ट करावेत. जाळू नयेत, कोणीतरी राख मागायला येईल. पाण्यात सोडू नयेत, त्याला जागा लागते आणि मग लोक त्या जागी येऊन बसतात. पाने सुटी करून, क्रम मोडून, कारखान्यातल्या पॅकिंगच्या रद्दीत थोडी थोडी मिसळून टाकावीत. कोणत्या दिवशी टाकली ते लिहून ठेवू नये. मास्तरांच्या पेन्सिलीच्या खुणांची पाने टाकताना थांबू नये.

मास्तरांचे काम माझ्याच्याने झाले नाही. त्यांनी सांगितले तसे ते सांगता येत नाही असे मी आता लिहून ठेवतो. याचीही कोणी पाटी करू नये.

सहीसाठी पेन हातात घेताना कंपाउंडरांनी पत्ता विचारला. मी सांगितला. मागच्या गल्लीत, निळ्या दाराचे. लोक सकाळी बसतात. चपला डाव्या हाताच्या फळीवर ठेवाव्यात, उजवीकडच्या फळीवरून पडतात.

वरील सर्व मजकूर व पुरवणी मी स्वतः लिहून, स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करत आहे.

सही : पटकथा लिहिणारा, पूर्वीचा पाट्या रंगवणारा

साक्षीदार पहिले : खालच्या दवाखान्याचे कंपाउंडर (मजकूर वाचून)

साक्षीदार दुसरे : झेरॉक्सच्या दुकानाचे मालक (मजकूर न वाचता)

ठिकाण : राहते घर, मधली खोली

दिनांक : ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, सकाळ. आई सभागृहातून यायच्या आत.